मोळी पडण्याआधी शेततळ्यातील माशांची तजवीज



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात शेततळे आता नवलाईचे राहिलेले नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि विहिरीच्या शेजारी, डाळिंबाच्या कडेला, उसाच्या वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी दिसू लागली. पावसाळ्यात विहीर किंवा कालवा चालू असताना ती भरून ठेवायची आणि पुढे पिकाला घोटघोट पाणी पुरवायचे, हा त्यांचा मूळ उद्देश. पाणी साठलेच आहे तर त्यात चार मासे सोडून जोडधंदा करावा, असा विचार अनेकांनी केला, आणि तो योग्यच आहे. परंतु तळे बांधले पाण्यासाठी आणि मासे सोडले उत्पन्नासाठी, या दोहोंची ओढाताण सुरू होते ती नेमकी थंडीत.

कारण उघड आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते. मग तोडीची पाळी, टोळीची वाट, वाहनाची गडबड, खोडव्याची व्यवस्था आणि त्याच वेळी गहू, हरभरा, कांद्याची लावणी. अशा धांदलीत तळ्याकडे बघायला सवड कोणाला? पंप तेवढा चालू होतो, पाणी उतरत जाते, घरातले कोणीतरी रोजच्या सवयीने खाद्याचे घमेले रिकामे करते आणि पौषात एके सकाळी मासे पांढरे पोट वर करून तरंगताना दिसतात. मग सगळे म्हणतात, "थंडीने गेले."

वास्तविक आपल्याकडची थंडी मासे मारण्याइतकी कडक नसते. मासा जातो तो उतरलेल्या पाण्याने, न खाल्लेल्या खाद्याने आणि सडलेल्या तळाने. थंडी फक्त या तिन्ही चुका उघड्या पाडते. म्हणून मोळी पडण्याआधी काय करावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

थंडीत माशाचे काय होते?

गाय-म्हैस थंडीतही आपल्या अंगाची ऊब राखते. माशाचे तसे नाही. पाणी जितके गार, तितकेच त्याचे अंग गार. पाणी १० अंशांनी उतरले की त्याच्या शरीराचा सगळा व्यवहार जवळजवळ निम्म्यावर येतो. खाणे कमी, पचन मंद, हालचाल कमी, आणि रोगाशी झगडण्याची ताकदही कमी. पाणी २५ ते ३० अंश असते तेव्हा मासा भरभर वाढतो. २० च्या खाली वाढ मंदावते आणि १५-१६ अंशांवर तो खाण्याकडे जवळपास पाठ फिरवतो.

आपण तळ्यात मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ सोडतो. हे मासे मूळचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. तिकडचा हिवाळा आपल्यापेक्षा कडक, तरी तिथे ते पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे तर बाहेरून आणलेले. सायप्रिनसची आज सर्वत्र पसरलेली जात १९५७ साली बँकॉकहून आली, गवत्या आणि चंदेरा १९५९ साली आले. गवत्या-चंदेरा मूळचे चीनकडच्या मोठ्या नद्यांतले. सायप्रिनससुद्धा थंड मुलखात पाळला जातो, त्यामुळे गारठा तो चांगला सोसतो. तेव्हा या सहा जातींना आपल्या थंडीची धास्ती नाही.

चिलापी आणि पंगस यांची गोष्ट मात्र वेगळी. हे उष्ण पाण्याचे मासे. पाणी १५-१६ अंशांच्या खाली गेले की ते खाणे टाकतात, सुस्त पडतात आणि रोगाला लवकर बळी पडतात. ज्यांच्या तळ्यात हे मासे विक्रीजोगे झाले असतील, त्यांनी ते कडाक्याच्या थंडीआधीच बाजारात न्यावेत. पौषाची वाट पाहण्यात फायदा नाही. खाद्य जाईल, पण वजन चढणार नाही.

पहिले काम : पाण्याची पातळी ठरवा

पाण्याचा साठा जेवढा मोठा, तेवढा तो सावकाश गार होतो. घागरीतले पाणी रात्रीतून गारठते, पण विहिरीचे पाणी थंडीच्या सकाळी कोमट लागते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. खोल तळ्यालाही थोडाफार हाच गुण असतो. हवेचा पारा आठ-दहा अंशांवर आला तरी भरलेल्या तळ्याचे पाणी तेवढे खाली जात नाही. पण तेच तळे गुडघा-मांडीएवढ्या पाण्यावर आले की रात्री गारठते आणि दुपारी तापते. हा रोजचा चढउतारच माशाला फार जाचतो.

आता हिशेब मांडू. समजा, तुमचे तळे वर ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल आहे, आणि काठाचा उतार एकास एक आहे. म्हणजे तळाशी ते २४ बाय २४ मीटर होते. असे तळे काठोकाठ भरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. पातळी १ मीटरने उतरली, म्हणजे २ मीटर राहिली, की पाणी उरते साडेतेरा लाख लिटर. दीड मीटर राहिली की पावणेदहा लाख. आणि १ मीटर राहिली की फक्त सव्वासहा लाख लिटर. डोळ्याला वाटते, तिसरा हिस्सा तरी आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी असते, कारण तळे खाली निमुळते होत जाते. मासे मात्र तेवढेच राहतात. म्हणजे जिथे एक मासा सुखाने फिरत होता, तिथे आता साडेतीन मासे कोंबले गेले.

माझी सभासदांना विनंती आहे की आजच तळ्याच्या काठावर दीड मीटर पाण्याची खूण करा. कागदावर रंगाचा पट्टा मारा किंवा तळ्यात खुणेचा बांबू उभा करा, पण कागदाला भोक पडू देऊ नका. माघ संपेपर्यंत त्या खुणेच्या खाली पंप चालवायचा नाही, हे घरात सर्वांना बजावून ठेवा.

कोणी म्हणेल, "अहो, तळे पिकासाठी बांधले की माशांसाठी?" प्रश्न रास्त आहे. वरच्या हिशेबाने खुणेच्या वरचे सव्वाबारा लाख लिटर पाणी पिकाला मोकळे आहे. साधारण तीन इंचांची एक पाळी द्यायला एकरी तीन लाख लिटर पाणी लागते, म्हणजे एका एकराच्या चार पाळ्या निघाल्या. ठिबक असेल तर त्याहून जास्त. खुणेखाली राखलेले पाणी हे एका एकराच्या तीन पाळ्यांएवढे आहे. ते काही वाया जात नाही. मासे विकून झाले की उन्हाळ्यात, जेव्हा पाण्याला खरी किंमत येते, तेव्हा ते पिकालाच मिळणार आहे. शिवाय त्यात माशांच्या विष्ठेचे खत उतरलेले असते.

ज्यांना एवढे पाणी राखणे जमणारच नसेल, त्यांनी मनाशी प्रामाणिक हिशेब करून मार्गशीर्षातच मोठे मासे काढून विकावेत आणि उरलेल्या पाण्यात जेवढे मावतील तेवढेच ठेवावेत. पीक आणि मासे या दोहोंना अर्धेअर्धे पाणी देऊन दोन्ही गमावण्यापेक्षा हे बरे.

दुसरे काम : तळ साफ करा

आश्विनाच्या उन्हात वरचे पाणी तापलेले आणि खालचे गार असते. गार पाणी जड, म्हणून ते तळाशी बसून राहते. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, मेलेले शेवाळ, उडून आलेले पाचट हे सगळे तिथे साचते आणि कुजते. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू खाते आणि घाण वायू सोडते. थंडीच्या पहिल्या झटक्याला वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि तळचे पाणी वर ढवळले जाते. मासे एकदम गुदमरतात, ते असे.

युरोप-अमेरिकेत तळ्यावर बर्फ धरतो आणि लोकांना बर्फाची काळजी असते. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड होते. त्याहून गार झाले की ते हलके होऊन वर राहते आणि गोठते. म्हणून तिकडे बर्फाखाली तळाशी मासे तग धरतात. आपल्याकडे पाणी ४ अंशांच्या जवळही जात नाही. त्यामुळे आपल्या तळ्यात गार झालेले पाणी रोज रात्री खालीच बसणार आणि तळचे वर येणार. तळ स्वच्छ असेल तर या ढवळण्याने काहीच बिघडत नाही, उलट प्राणवायू खालपर्यंत पोचतो. तळ सडका असेल तरच घात होतो.

कागदाच्या तळ्यात फावडे-घमेले घेऊन उतरू नये, कागद फाटेल. गाळ ओढणाऱ्या पंपाचा नळ तळाच्या खोलगट कोपऱ्यात सोडून तळचे गढूळ पाणी सावकाश उपसावे आणि ते उसाला किंवा घासाला द्यावे. हे उत्तम पातळ खत आहे. नळाच्या तोंडाला जाळी लावायला विसरू नका. पाण्यावर साचलेले पाचट आणि पालापाचोळा जाळीने काढून टाका. तळ्याशेजारच्या फडात तोड व्हायची असेल तर तळ्याच्या त्या बाजूला जुन्या शेडनेटचा आडोसा करा, म्हणजे पाचट उडून पाण्यात पडणार नाही.

आणखी एक सूचना. कारखान्याची प्रेसमड शेताला फार चांगली, परंतु थंडीत ती तळ्यात टाकू नये. शेणाची पाटीही या दिवसांत टाकू नये. गार पाण्यात मासे आणि सूक्ष्म जीव तिचा फडशा पाडू शकत नाहीत. ती नुसती तळाशी बसून कुजते.

तिसरे काम : खाद्याला लगाम

सर्वांत जास्त मासे या एका गोष्टीने जातात. माया म्हणून, गडी-माणसाच्या सवयीने, किंवा "थंडीत जास्त खायला हवे" या माणसाच्या हिशेबाने खाद्य चालू राहते. मासा ते खात नाही. पेंड भिजते, खाली बसते आणि विष होते.

खाद्य घड्याळ पाहून नव्हे, तर पाण्याचे तापमान पाहून द्यावे. साधा तापमापक स्वस्तात मिळतो. सकाळी सात-आठच्या सुमारास तो दोरीने पाण्यात एक फूट खोल सोडा, पाच मिनिटे ठेवा आणि आकडा वहीत लिहा. मग हा ढोबळ नियम धरा. पाणी २५ अंशांच्या वर असेल तर तळ्यातील माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन ते तीन भाग खाद्य रोज द्यावे. २० ते २५ अंश असेल तर शेकडा दीड ते दोन. १६ ते २० असेल तर शेकडा अर्धा ते एक, तेही दिवसाआड. १६ च्या खाली गेले की खाद्य बंद.

उदाहरणार्थ, तुमच्या तळ्यात ४०० मासे आहेत आणि सरासरी वजन पाव किलो आहे. म्हणजे एकूण माल १०० किलो. त्यांना आश्विनात रोज दोन-तीन किलो खाद्य लागत असेल, तर गारठ्यात दिवसाआड अर्धा ते एक किलो पुरे. उरलेली पेंड गोठ्यात उपयोगी पडेल.

खाद्य द्यायची वेळही बदला. सकाळी लवकर देऊ नका. ऊन चढून वरचे पाणी जरा कोमट झाले की, म्हणजे अकरा ते दोनच्या दरम्यान द्या. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग भिजवून त्याचे गोळे एका टोपलीत ठेवा आणि टोपली दोरीने पाण्यात सोडा. दोन तासांनी उचलून बघा. टोपलीत खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करा. ही टोपली कोणत्याही पुस्तकापेक्षा खरे सांगते. मासा पाच-सात दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही, अंगातल्या चरबीवर तो सहज निभावतो.

प्राणवायू आणि ढगाळ दिवस

गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅम मावतो, तर १५ अंशांच्या पाण्यात दहाच्या आसपास. त्यामुळे थंडीत प्राणवायूची चिंता कमी असावी, असे वाटते आणि स्वच्छ, उन्हाच्या दिवसांत ते खरेही आहे. पण दोन-तीन दिवस आभाळ आले, धुके पडले किंवा अवकाळी पाऊस झाला की गणित उलटते. पाण्यातले हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, पण रात्री आणि ढगाळ हवेत स्वतःच तो खाते. पाणी गर्द हिरवे असेल तर धोका जास्त.

पहाटे मासे तोंड वर काढून भकाभका हवा घेताना दिसले की समजावे, प्राणवायू संपत आला. अशा वेळी खाद्य ताबडतोब बंद करा आणि पंपाने तळ्यातलेच पाणी उचलून वरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी सोडायचे असेल तर तेही उंचावरून, दगडावर किंवा चाळणीवर आपटून सोडा. जमिनीतले पाणी थंडीत कोमट असते, हा फायदा. पण त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते हवेतून पडले पाहिजे. ज्यांना वीज रात्रपाळीने मिळते, त्यांनी ही मांडणी आधीच करून ठेवावी. पहाटे चार वाजता पाइप शोधत बसू नये.

रोग : आधी ओळखा

थंडीत माशांच्या अंगावर तांबडे चट्टे पडतात, पुढे त्यांच्या जखमा होतात आणि मांस दिसू लागते. हा व्रणांचा रोग १९८८ साली ईशान्य भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला आणि पुढे देशभर पसरला. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जिवामुळे तो होतो आणि पाणी गार झाले की जोर धरतो. मरळ आणि मृगळ त्याला लवकर बळी पडतात, सायप्रिनस सहसा टिकून राहतो. दुसरा त्रास माशांच्या उवांचा. चपट्या, डाळीच्या कणीएवढ्या उवा खवल्यांना चिकटतात. मासे कागदाला अंग घासू लागले की हा संशय घ्यावा.

जखमेतून रोग शिरतो, म्हणून थंडीत उगाच जाळे ओढू नका. माशांची वाढ एकदाच, मोळी पडण्याआधी ऊन असताना तपासून घ्या. दहा-बारा मासे धरा, वजन करा, अंग न्याहाळा. परत सोडण्यापूर्वी त्यांना मिठाच्या पाण्यातून काढा. १०० लिटर पाण्यात २ ते ३ किलो मीठ, वेळ एक ते दोन मिनिटे. मासा कलंडू लागला की लगेच बाहेर काढायचा.

चुन्याने पाणी सुधारते, पण तो आंधळेपणाने टाकू नये. आधी पाण्याचा सामू तपासा. आपल्याकडच्या अनेक बोअरचे पाणी मुळातच खारट आणि अल्कधर्मी असते. सामू साडेआठच्या वर असेल तर चुना टाकू नका. त्याहून कमी असेल तर हेक्टरी १०० किलोच्या हिशेबाने, म्हणजे वर सांगितलेल्या नऊ गुंठ्यांच्या तळ्याला साधारण नऊ किलो चुना आदल्या दिवशी भिजवून, पूर्ण थंड करून, गाळून, दोन हप्त्यांत शिंपडा. गरम कळीचा चुना कागदावर पडला तर माशांबरोबर कागदही जाईल. चट्टे दिसू लागले तर चार मासे घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या. शेजाऱ्याने सांगितलेले औषध पाण्यात ओतू नका.

औषधावरून आठवण करून द्यावीशी वाटते. रब्बीत हरभऱ्यावर, कांद्यावर फवारण्या होतात. सायपरमेथ्रिनसारखे कीटकनाशक माशाला अत्यल्प मात्रेतही मारते. फवारणीचा पंप, बादली, डबा तळ्यात धुऊ नका, आणि तळ्याकडे वारे वाहत असताना फवारणी करू नका.

पक्षी आणि माणसांची काळजी

पाणी उतरले की पाणकावळे आणि बगळे यांची चैन होते, आणि गारठलेला मासा सुस्त असतो. तळ्यावर जाळी ताणा किंवा आडव्यातिडव्या दोऱ्या बांधून त्यांना चमकत्या पट्ट्या लावा. पक्षी मारणे गुन्हा आहे, तिकडे जाऊ नका.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाच्या जिवाची. ओला, शेवाळलेला कागद साबणासारखा निसरडा असतो. पाण्यात पडलेला पोहणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. तोडीच्या दिवसांत फडाशेजारी कोपी करून टोळ्या राहतात, त्यांची लहान मुले मोकळी फिरत असतात. तळ्याला कुंपण घाला आणि दाराला कडी लावा. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर काठावर घट्ट बांधून पाण्यात सोडा, आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची जुनी ट्यूब काठावर टांगून ठेवा. तापमान बघायला किंवा खाद्य टाकायला एकट्याने उतारावर जाऊ नका. मासे गेले तर पुढच्या आषाढात बीज पुन्हा मिळते. माणूस मिळत नाही.

ही सगळी कामे मिळून दोन-तीन दिवसांची आहेत. त्यानंतर थंडीभर रोज दहा मिनिटे पुरतात. सकाळी तापमान पाहावे, मासे वर आले आहेत का बघावे, टोपली उचलावी आणि पाण्याची खूण पाहावी. रथसप्तमीनंतर पाणी हळूहळू कोमट होऊ लागते. तेव्हा खाद्यही एकदम न वाढवता आठ-पंधरा दिवसांत चढते करावे. थंडीतून निघालेला मासा अशक्त असतो, पण भुकेला असतो, आणि फाल्गुन-चैत्रात तो जे वजन धरतो तेच आपल्या हाती पैसा देते. सभासदांनी तोडीच्या गडबडीआधी तळ्याची ही कामे उरकून घ्यावीत, ही विनंती.